मशालजी पोळचा ब्लॅकआउट

"ओवी, ती गाय उचल! युद्ध चालू आहे!"

"म्हणून काय झालं? युद्धात गाई नसतात?" ओवीने मातीची गाय रस्त्याच्या आणखी मधोमध सरकवली. "तिला काय माहीत युद्ध लागलंय? तिच्याकडे रेडिओ होता?"

अहल्याने गाय कडेला केली. ओवीने परत मधोमध आणली. गाय राहिली.

दिवाळीची सुट्टी लागली होती आणि बडोद्याच्या मशालजी पोळमधली, म्हणजे त्या जुन्या गल्लीतली, मराठी मुलं नेहमीप्रमाणे किल्ले बांधायच्या मागे होती. हितचिंतक मंडळाची किल्ला स्पर्धा फार जुनी. दरवर्षी पोळमध्ये सात-आठ प्रतापगड उभे राहायचे आणि त्यांतला एक प्रतापगड पहिला यायचा. यंदा अहल्याने बंड केलं. ती आठवीत गेली होती, आणि बंड आठवीत नाही करायचं तर कधी?

"किल्ला नको. रस्ता करू. हाच रस्ता, पण एकाहत्तरच्या युद्धातला!"

तिला ही कल्पना एका फोटोवरून सुचली होती. फोटो वरद आणि ओवी या भावंडांच्या आजोबांचा, विश्वंभर आजोबांचा. त्यात ते कॉलेजातले होते. दंडावर वॉर्डनची पट्टी, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर सगळा हिंदुस्थान आपणच सांभाळतोय असा भाव. मागे मंडळाची इमारत, तिची पहिल्या मजल्यावरची लांबलचक लाकडी गॅलरी, आणि खिडक्यांना काळे कागद. तेव्हा शत्रूची विमानं येतील या भीतीने सगळं शहर रात्री दिवे झाकून बसायचं.

"एका फटीतून उजेड दिसला तरी मी खालून ओरडायचो," आजोबा सांगत. "आणि शिट्टी वाजली की गॅलरीतला आत, रस्त्यावरचा घरात! कोणी 'का?' विचारायचं नाही. हा आपला मानसिंग तेव्हा एवढासा होता. विमान बघायला सारखा गॅलरीत यायचा. माझी शिट्टी ऐकली की उंदरासारखा आत! अशी वाजवायचो..."

आजोबांनी शिट्टी तोंडात धरली. गेल्याच महिन्यात त्यांनी नवी कवळी बसवली होती. शिट्टीतून फुस्स एवढाच आवाज आला.

"मी वाजवू?" ओवीने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही. सरकारी आहे ती."

"सरकारने परत मागितली नाही?"

"विसरलं असेल," आजोबा म्हणाले आणि शिट्टी सदऱ्यात गेली.

तर मंडळाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, एका मोठ्या प्लायवूडवर, युद्धातली मशालजी पोळ उभी राहत होती. बाटल्यांच्या झाकणांपासून केलेल्या टोप्या रस्त्यावरच्या दिव्यांना घातल्या होत्या. चिंध्यांच्या चिमुकल्या पिशव्यांत रवा भरून वाळूची पोती झाली होती. तारेच्या सायकलींचे दिवे अर्धे काळे रंगवले होते. पुठ्ठ्याचं सगळं काम वरदचं. तो सातवीत होता, कमी बोलायचा, आणि दोरी घेऊन खऱ्या पोळची मापं घेऊन यायचा.

"वरद, गॅलरी वाकडी झाली आहे," अहल्या म्हणाली.

"मापाप्रमाणे कापली आहे."

"डावीकडे झुकलेली दिसतेय! फोटोत बघ, कशी सरळ आहे."

"मी दोनदा मोजलं!"

"मग दोनदा चुकलास."

वरदचे कान लाल झाले. त्याने कात्री उचलली, आणि गॅलरीकडे बघून पुन्हा खाली ठेवली.

त्याच वेळी मंडळाचे सेक्रेटरी मानसिंगराव आत आले. मानसिंगराव कुठेही आले की आधी त्यांचा आवाज यायचा, मग पोट यायचं आणि मग ते यायचे.

"वाह! वाह, बेटा! सरस!" ते प्लायवूडभोवती फिरले. गाईपाशी थांबले. "गाय उत्तम!"

ओवीने अहल्याकडे बघितलं.

मानसिंगराव फिरता फिरता अचानक गप्प झाले. त्यांना कल्पना सुचत होती. मंडळातली माणसं याला फार घाबरत असत.

"पाडव्याच्या दिवाळी पहाटेला हेच करायचं! सगळी पोळ अंधारात! वर गॅलरीत आपले त्या काळचे वॉर्डन, जेवढे आहेत तेवढे सगळे, ओळीने खुर्च्यांवर. मी शाल घालणार. मग एकदम पणत्या! काय?"

"माझे आजोबा पण?" ओवी ओरडली.

"ते तर मधोमध!"

त्या संध्याकाळी आजोबांनी पेटीतून वॉर्डनची पट्टी काढली आणि स्वतः इस्त्री केली. इस्त्रीला ते कोणालाही हात लावू देईनात.

---

खरी गॅलरी एकाहत्तरसारखी सजवायचं काम मुलांवर आलं. गॅलरी नुकतीच रंगवली होती. चकचकीत चॉकलेटी ऑइलपेंट! खिडक्यांना काळे कागद झाले, काचांवर आडव्यातिडव्या कागदी पट्ट्या झाल्या. शेवटी अहल्या गॅलरीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसली.

"इथून उजेड येतोय. उंबरठ्याखाली फट आहे."

"कोण बघणार आहे?" वरद म्हणाला.

"खरं म्हणजे खरं!" तिने काळ्या कागदाची लांब पट्टी घेतली. पट्टीची वरची कड उंबरठ्याला चिकटवली, खालची गॅलरीच्या फळ्यांना. फट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी फाटलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेषेत.

"कोणाचा तरी पाय लागला असेल," वरद म्हणाला. त्यांनी नवी पट्टी लावली.

संध्याकाळी तीही फाटलेली!

"हे निहारचं काम!" ओवीने निकाल देऊन टाकला. निहार समोरच्या ओट्यावर प्रतापगड बांधत होता आणि दोन वर्षं लागोपाठ पहिला आला होता. "जळतो आपल्यावर!"

तिघं तडक त्याच्याकडे गेली. निहार किल्ल्यावर पेरलेल्या अळिवाला चमच्याने पाणी घालत होता.

"आमची पट्टी का फाडलीस?"

"कसली पट्टी? मी अळीव सोडून हलू शकतो का? कबुतरं टपून बसली आहेत!" त्याने डोळे चोळले. तो दुपारी झोपलाही नसावा. "तुमच्या इथे तर दिवसभर मंडळाचीच माणसं वरखाली करतात. काल कुंड्या नेल्या, आज खुर्च्या नेल्या. त्यांना विचारा ने!"

अहल्या परत फिरता फिरता थांबली. "काल कुंड्या," ती पुटपुटली. "आज खुर्च्या."

तिसरी पट्टी लावून तिघं दाराच्या आतल्या बाजूला, गुंडाळलेल्या सतरंज्यांमागे लपली. ओवीने सोबत बेसनाचा लाडू आणला होता. पहारा म्हटला की खायला लागतंच, असं तिचं मत होतं.

थोड्या वेळाने दोन माणसं भलामोठा स्पीकर धरून आली. पट्टी ओलांडून, पाय उंच उचलून, अगदी जपून गॅलरीत गेली. रस्त्यावरून डावं दिसणाऱ्या टोकाला त्यांनी स्पीकर ठेवला.

टर्रर्र!

पट्टीला कोणी हात लावला नव्हता. पाय लावला नव्हता. ती आपली आपण फाटत गेली, स्पीकरच्या टोकापासून पलीकडे, सावकाश.

माणसं निघून गेली.

"भूत?" ओवीने अगदी हळू विचारलं.

"भूत बरं होतं," अहल्या म्हणाली. "पट्टीची एक कड उंबरठ्याला आहे. उंबरठा भिंतीचा. दुसरी कड गॅलरीला. कागद कोणी फाडत नाहीये. गॅलरी भिंतीपासून सुटतेय! वजन ठेवलं की आणखी सुटते."

वरदने ओवीच्या हातातला लाडू घेतला, उंबरठ्याच्या आत पालथं पडून हात लांब केला आणि लाडू गॅलरीच्या फळीवर ठेवला.

लाडू क्षणभर थांबला. मग त्याच टोकाकडे निघाला. आधी हळू, मग घाईने, आणि जाऊन स्पीकरला आपटला.

"माझी मापं बरोबर होती," वरद म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरल्याचा त्याला जरासुद्धा आनंद झाला नाही.

खाली उतरून त्यांनी रस्त्यावरून वर बघितलं. डाव्या टोकाच्या तुळईवर, बरोबर भिंतीतून ती बाहेर येते तिथे, गच्चीवरच्या टाकीच्या पाइपातून पाणी टपकत होतं. वरद खिडकीच्या कठड्यावर चढला. कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याने तुळईवर टेकवलं. चॉकलेटी ऑइलपेंटमधून कर्कटक आत गेलं. पार मुठीपर्यंत, पेढ्यात जावं तसं!

---

"हे बघा बेटा," मानसिंगराव म्हणाले, "ही गॅलरी तुमच्या पणजोबांच्याही आधीची आहे. इतकी वर्षं पडली नाही, ती आता तुमची सुट्टी बघून पडणार?"

"काका, कागद फाटतोय!"

"चांगल्या कंपनीचा कागद आणा."

"लाडू घरंगळतो!"

"लाडू गोल असतो म्हणून घरंगळतो. हे शाळेत शिकवत नाहीत?" मानसिंगराव गॅलरीच्या दाराशी गेले, वाकले, हात लांब करून काठीने लाडू जवळ ओढला, फुंकर मारली आणि खाल्ला. "तूप कमी आहे."

ओवी बघतच राहिली. "यांनी पुरावा खाल्ला!" ती खाली आल्यावर म्हणाली.

बाबांना सांगून झालं. वरद-ओवीचे बाबा, अमोघराव, अलकापुरीच्या एका ऑफिसात मोठे होते आणि घरी शांत होते. "मानसिंगरावांनी बघितलंय ना? मग झालं," ते म्हणाले. "मंडळाच्या कामात आपण पडायचं नाही." अहल्याच्या आईने, निरुपमाने, वाघोडियाच्या कारखान्यातून फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं आणि लगेच मानसिंगरावांना फोन केला. मानसिंगरावांनी तिला गॅलरीच्या रंगाचा खर्च, रंगाची कंपनी आणि रंगाची हमी हे सगळं सांगितलं. तुळईचं नाव काढलं नाही. सुट्टी मिळाली की, म्हणजे पाडव्याला, ती स्वतः येऊन बघणार होती. पण पाडव्याला पहाटेच तर सगळं होतं!

उरले आजोबा.

त्यांना हे सांगायचं कोणी, यावर बराच वेळ गेला. वॉर्डनची पट्टी खुर्चीच्या पाठीवर टांगलेली होती. तिला सुरकुती पडू नये म्हणून आजोबा त्या खुर्चीवर बसतही नव्हते. शेवटी वरदने नुसता जुना फोटो आणि पुठ्ठ्याची वाकडी गॅलरी आजोबांपुढे शेजारी शेजारी ठेवली.

आजोबांनी चष्मा लावला. फोटो बघितला. गॅलरी बघितली. मग वरदकडे बघितलं.

"हे आजचं माप?"

"हो, आजोबा."

आजोबांनी फोन उचलला. मानसिंगरावांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. "काका, तुम्हाला जिना जमत नसेल तर तुम्ही खाली बसा. बाकीचे चढतील!"

आजोबांनी फोन ठेवला. "मी नाही जाणार," ते म्हणाले. "पण बाकीचे जातील. पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही त्यांना. आज बोलावलंय म्हटल्यावर खुर्ची मोडकी असली तरी बसतील."

ओवीला रडू येत होतं. "आपणच केलं हे," ती म्हणाली. "आपण रस्ता केलाच नसता, तर काकांना कल्पना सुचलीच नसती!"

"आणि पट्टी लावली नसती तर कळलंही नसतं," अहल्या म्हणाली. ती नखं खात होती. "काकांना भीती दाखवून उपयोग नाही. ते घाबरत नाहीत. त्यांना आवडतं काय, ते सांगा."

"भाषण," वरद म्हणाला.

"लाडू," ओवी म्हणाली.

"फोटो!" अहल्या उठलीच.

---

पाडव्याची पहाट. एकदोन मिणमिणत्या पणत्या सोडल्या तर पोळमध्ये डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. सतरंज्यांवर लोक दाटीवाटीने बसत होते. गुजराती शेजारी आपल्या नव्या वर्षासाठी एकमेकांना शोधून शोधून "साल मुबारक!" म्हणत होते आणि भलत्याच माणसांना मिठ्या मारत होते.

म्हातारे वॉर्डन जिन्यापाशी उभे होते. इस्त्रीच्या सदऱ्यांत, एकमेकांच्या काठ्या सांभाळत. त्यातल्या एकांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलाही होता.

अहल्या धावत मानसिंगरावांकडे गेली. "काका, तुमचा शाल घालतानाचा फोटो येणार नाही! गॅलरीत अंधार आहे, आणि जिगरभाईंचा फ्लॅश खालून पोचत नाही!"

"काय सांगतेस? जिगर!"

फोटोग्राफर जिगरभाईंनी वर बघून मान हलवली. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. ते खरंच होतं. "अंधारामां कशुं नहि आवे, साहेब. सामे ओटला पर बेसाडो ने. मस्त आवशे!"

सगळ्या पोळच्या सुरक्षेची काळजी जे करू शकली नव्हती, ते एका फ्लॅशने केलं. "थांबा!" मानसिंगराव गरजले. "ज्येष्ठांना समोरच्या ओट्यावर बसवा! जिना कशाला चढायला लावता त्यांना? काही दयामाया?"

वॉर्डन ओट्यावर बसले, निहारच्या प्रतापगडाच्या शेजारी. अहल्याने श्वास सोडला. गॅलरीखालची जागाही रिकामी होती. तिथे ओवीने पहाटे उठून, भिंतीपासून पार अर्ध्या रस्त्यापर्यंत, रांगोळी काढली होती. तिच्यात मोर होता की जहाज, हे कोणालाच कळत नव्हतं. पण पाडव्याच्या रांगोळीवर पाय द्यायची कोणाची हिंमत? एकेक माणूस अंधारात पणतीच्या उजेडाने वाट काढत यायचा, रांगोळी बघायचा आणि चप्पल उचलून लांबून जायचा.

"झालं," वरद पुटपुटला. "सुटलो."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"बंधूंनो आणि भगिनींनो!"

तिघांनी वर बघितलं. गॅलरीच्या दारात, हातात पणतीचं तबक घेऊन, मानसिंगराव उभे होते. पहिली पणती आपणच वरून दाखवावी, ही कल्पना त्यांना तबक आणायला जिना चढता चढता सुचली होती.

"काका, नको!" अहल्या किंचाळली. पण स्पीकरमधून तंबोरा सुरू झाला होता. तिचं किंचाळणं तिलाच ऐकू आलं नाही.

मानसिंगरावांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं.

कुठेतरी लाकूड करकरलं.

ओट्यावर विश्वंभर आजोबा ताडकन उठले. सदऱ्यातून शिट्टी बाहेर आली, तोंडात गेली. फुस्स! पुन्हा फुस्स! आजोबांनी शिट्टी गळ्यातून ओरबाडून काढली आणि भिरकावली.

"ओवी! वाजव!"

ओवीने ती झेलली आणि छातीत होता तेवढा वारा तिच्यात ओतला. अशी शिट्टी मशालजी पोळने पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. कबुतरं उडाली. तंबोरा थांबला. आणि त्या शांततेत आजोबांचा आवाज आला, फोटोतल्या माणसाचा.

"मान्या! आत!"

मानसिंगराव साठीचे होते, सेक्रेटरी होते, त्यांच्या हातात तबक होतं. यातलं काहीही त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. त्यांच्या पायांना शिट्टी आठवली. तबक टाकून ते उंदरासारखे आत पळाले.

कडाड!

गॅलरीचं डावं टोक सुटलं. खुर्च्या, कुंड्या आणि तो भलामोठा स्पीकर, सगळं घरंगळत, आपटत, धुळीचा लोट उडवत खाली आलं. बरोबर रांगोळीवर.

धूळ बसली. ओट्यावरचे वॉर्डन सगळे होते. सतरंज्यांवरचे लोक सगळे होते. वर, नुसत्या दारात, उंबरठ्याला दोन्ही हातांनी धरून मानसिंगराव बसले होते. त्यांच्या पुढे काहीच नव्हतं.

"माझा मोर," ओवी म्हणाली, आणि मग मात्र ती रडलीच. वरदने तिला जवळ घेतलं.

---

निरुपमा सकाळी आली तेव्हा बघायला गॅलरी उरली नव्हती. तिने तुळईचा तुकडा बोटांनी चुरगाळून दाखवला, आणि मानसिंगरावांकडे असं बघितलं की रंगाच्या हमीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. अमोघरावांनी वरदच्या खांद्यावर हात ठेवला. "तू दोनदा मोजलं होतंस," ते म्हणाले. "मी एकदाही बघायला आलो नाही." इतकं लांब वाक्य ते घरी बऱ्याच दिवसांनी बोलले होते.

दुपारी बक्षीस समारंभ झाला. खाली, उघड्यावर, भिंतीपासून लांब. म्हाताऱ्या वॉर्डनांना शाली मिळाल्या. आजोबांच्या पट्टीला सुरकुत्या पडल्या होत्या, पण त्यांनी ती तशीच बांधली. किल्ला स्पर्धेत निहारचा प्रतापगड पहिला आला, कारण नियमाप्रमाणे रस्ता हा किल्ला नव्हे. निहारने मात्र आपला कप उचलून सरळ युद्धातल्या पोळमध्ये, गाईशेजारी, ठेवून दिला. कपापेक्षा गाय शोभत होती.

मंडळाने लगेच ठराव केला की नवी गॅलरी वरदच्या पुठ्ठ्याच्या गॅलरीवरून बांधावी. "फक्त सरळ," कोणीतरी पुस्ती जोडली.

मग आजोबांनी शिट्टी काढली आणि सगळ्यांसमोर ओवीच्या गळ्यात घातली.

"पण सरकारी आहे ना?" ओवीने विचारलं.

"सरकारने विचारलं तर सांग, ड्यूटीवर आहे."

शेवटी मानसिंगराव बोलायला उठले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज पोटाच्या मागून आला. "मुलांनी आज माझा जीव वाचवला," ते म्हणाले. "मी त्यांचं ऐकलं नाही. लाडू खाल्ला." सगळी पोळ टाळ्या वाजवू लागली. खूप वाजवल्या. तेवढ्याने त्यांना बरं वाटलं आणि आवाज हळूहळू जागेवर आला. "खरं तर, बंधू-भगिनींनो, ब्लॅकआउटची मूळ कल्पना माझी होती, आणि त्या दृष्टीने पाहिलं असता, आपल्या मंडळाच्या स्थापनेपासून..."

ओवीने काही केलं नाही. नुसती शिट्टी ओठांपर्यंत नेली.

मानसिंगराव खाली बसले.